स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

अँजिओप्लास्टी झाली, छातीत दुखायचं थांबलं, मग गोळ्या कशाला? असं वाटून काही जण औषधं मध्येच सोडतात. खरा धोका तिथेच असतो.

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. शरीरासाठी ती परकी वस्तू. रक्तातल्या प्लेटलेट्स तिला चिकटून गुठळी झाली, तर स्टेंट अचानक बंद पडतो आणि जिवावर बेतू शकतं. वाहिनीचं आतलं अस्तर जाळीवर चढायला काही महिने लागतात.

तोवर सहसा दोन गोळ्या देतात: अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. हार्ट अटॅकनंतर साधारण १२ महिने, अटॅक न येता स्टेंट बसवला असेल तर साधारण ६ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल, तर डॉक्टर हा काळ कमी करतात. पुढे बहुतेकांना एक गोळी कायम घ्यावी लागते.

या गोळ्यांमुळे रक्त थांबायला वेळ लागतो. शौचाला काळी होणं, रक्ताची उलटी किंवा नाकातून न थांबणारं रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. दात काढायचा असो वा ऑपरेशन, गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.