चालणाऱ्यांच्या जिल्ह्यात सायकल

वर्धा जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास पायी चाललेल्या माणसांनी लिहिला आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले, ते पायी. मार्च १९५१ मध्ये विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेही पायी. ते पाऊल पुढे भूदानाच्या वाटेला लागले आणि पवनारला परतायला १९६४ साल उजाडले. चालणाऱ्यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. पण त्याच रस्त्यांवरून पुढची पन्नास-साठ वर्षे सायकल मारत गेलेला टपालवाला, शाळामास्तर, दूधवाला, गिरणीचा कामगार यांची नोंद कुठे फारशी सापडत नाही. सायकलला इतिहासात जागा मिळाली नाही, ती कॅरिअरवर डबा बांधून इतिहासाच्या कडेकडेने गेली.

आमच्या वडिलांची सायकल काळी, उंच, चोवीस इंची. हँडलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, कारण तेव्हा सायकलवर कर होता. आम्हा पोरांना मिळायची ती तासाच्या भाड्याची. कैची मारत चौकापर्यंत जाऊन तास संपायच्या आत परत. त्यामुळे जिल्हा सायकलवरून पाहायचा तर मोठेपणीच. दोन दिवस हाताशी असतील तर एक सुरेख फेरा होतो. वर्ध्याहून हिंगणघाट, समुद्रपूर, गिरड; तिथून आडवाटेने सिंदी, केळझर, सेलू, बोरधरण; आणि पवनार, सेवाग्राम करून पुन्हा वर्धा. चढ फारसे नाहीत. काळी जमीन, कपाशी, तूर, मधेच एखादी बोडकी टेकडी, आणि उन्हाळा सोडून कधीही जावे.

हिंगणघाट कापसाचे गाव. इथल्या कापसाचे नाव एकेकाळी इंग्लंडच्या बाजारात घेतले जाई. पण या गावात आणखी एक गोष्ट आहे, ती गावकऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी २० जानेवारी १८२३ रोजी इथे वारला आणि इथेच पुरला गेला. १८०२ साली मद्रासजवळ एक रेघ मोजून त्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली होती. त्याचे थिओडोलाइट हे कोन मोजायचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरावर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचे, दूरच्या खुणेवर रोखायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे. यातून केवळ नकाशा होणार नव्हता. पृथ्वी नेमकी किती गोल, कुठे किती चपटी, हेही त्यातून ठरणार होते. नागपूरकडे मुक्काम हलवताना वाटेत हिंगणघाटला तो थांबला तो कायमचाच. त्याच्यामागे काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटची माती आली. मला हा वाटा कमी वाटत नाही, पण त्याची यंत्रे डोंगरावर चढवणाऱ्या, साखळ्या ताणणाऱ्या शेकडो देशी माणसांची नावे मात्र शिखराला नाहीत आणि थडग्यालाही नाहीत.

समुद्रपूर तालुका लागला की हळदीचे वावर दिसते. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे गिरडची टेकडी.

गिरडला शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आमच्या घरात हे नाव कानावर पडतच लहानाचे मोठे झालो. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरने इथली आख्यायिका नोंदवून ठेवली आहे. बाबा उत्तरेकडून आले, तीस वर्षे फकिरीत फिरले आणि इसवी सन १२४४ च्या सुमारास या टेकडीवर टेकले. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, आणि त्यांच्या मालाचे, नारळांसकट, दगड झाले. मग ते पाया पडले. बाबांनी झाडाच्या वाळल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी इतके भारावले की माल विकायला गेलेच नाहीत, सेवेतच राहिले.

ते दगड आजही टेकडीवर सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या आणि पाझरत्या पाण्यातल्या क्षारांनी त्या हळूहळू भरल्या. खडक झिजला, गोटे सुटे झाले. कुणी विचारेल, मग खरे काय? मला यात भांडण दिसत नाही. शास्त्र गोट्यांचा जन्म सांगते, आख्यायिका माणसांचा स्वभाव सांगते. फकिराची थट्टा करणारा व्यापारी आणि वाळल्या पानांना मालाची किंमत देणारा फकीर, हे दोघे कोणत्याही शतकात भेटतात.

इतिहासाचा पेच वेगळा आहे. पंजाबातले थोर सूफी कवी बाबा फरीद यांची कबर पाकपट्टणला आहे, याबद्दल कुणाला शंका नाही. मग गिरडचे शेख फरीद कोण? त्याच नावाचे दुसरे संत, की थोर फरीदांच्या नावाने मांडलेले स्मरणस्थान? हल्ली अशा प्रश्नांचा उपयोग एखाद्या जागेला खोटे ठरवण्यासाठी केला जातो. या टेकडीवर नवस बोलायला हिंदूही येतात, मुसलमानही येतात, आणि वर चढताना त्यांनी आधी कागदपत्रे तपासल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नाव उसने असेल. इतकी पिढ्यानपिढ्या माणसे येत राहिली, हे उसने नाही. तोही पुरावाच आहे.

इटलीत कोमो सरोवराच्या वर गिसाल्लो नावाची एक चढण आहे. वर मेरीमातेचे छोटे देऊळ. १९४९ मध्ये पोपने ही माता सायकलस्वारांची रक्षक म्हणून जाहीर केली. आत भिंतींवर नामांकित शर्यतपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत, त्यांत जीनो बार्तालीचीही आहे. दुसऱ्या महायुद्धात बार्ताली सरावाच्या नावाखाली सायकलच्या नळीत कागदपत्रे लपवून नेत असे, छळ होत असलेल्या यहुदी कुटुंबांसाठी. हयातीत तो त्याबद्दल फारसे बोलला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये, इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा सन्मान केला. गिरडच्या टेकडीखाली भाविकांच्या सायकली झाडाला टेकलेल्या पाहिल्या की मला ते देऊळ आठवते.

केळझरला गणपतीचे पुरातन स्थान आहे. भीमाने बकासुराला मारले ते एकचक्रानगर हेच, असे गाव मानते. सेलूवरून हिंगणीमार्गे बोरधरण. तलावाभोवती सागाच्या टेकड्या, १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. संध्याकाळच्या आत सायकल परत फिरवावी हे उत्तम. याच सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे सायकलला आलीच. ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याची सायकल त्या रस्त्यावर चढू शकत नाही.

पवनारला धाम नदी. १९३८ मध्ये विनोबा इथे राहायला आले. आश्रमाभोवतीची जमीन खणताना जुनी शिल्पे निघू लागली. त्यांत राम-भरत भेटीचे एक शिल्प होते. गंमत अशी की १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी अशाच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. ही शिल्पे वाकाटक काळातली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर तिकडचाही दावा पुढे आला आणि वाद सुरू राहिला. मला त्या राजधानीपेक्षा तिच्या राजात अधिक रस आहे. दुसरा प्रवरसेन कवी होता, आणि ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचे काव्य त्याने संस्कृतात न लिहिता माहाराष्ट्री प्राकृतात लिहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण ज्या जुन्या पिढ्या मोजल्या, त्यांत ही प्राकृत आलीच. त्याच पवनारात विनोबांनी अरबी शिकून काढलेले ‘कुराणसार’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच नदीकाठी प्राकृतातले रामकाव्य आणि कुराणाचे सार. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आपली भाषा कोणती, असे अजूनही कधीमधी विचारले जाते. मी पवनारचा रस्ता सांगतो.

सेवाग्रामचे मूळ नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलले. जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार टांग्यातून इथे आला. पण या रस्त्यावर मला आठवतात ते महादेवभाई देसाई. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला गेले तरी महादेवभाईंचे बिऱ्हाड मगनवाडीतच होते. वर्ध्याच्या उन्हात ते रोज साडेपाच मैल जात आणि साडेपाच मैल परत येत, हातात पत्रांचा गठ्ठा. असे अकरा मैल रोज. तेव्हाची वाट कच्ची. पावसाळ्यात काळ्या मातीत पाऊल रुतायचे. आता डांबरी रस्ता आहे, आणि सायकलला तेवढे अंतर अर्ध्या तासाचे आहे.