पीएम किसानचे पैसे कुणाला मिळतात आणि आपल्या घरात ते कुठे अडतात

"सर, अब्बांच्या खात्यावर दोन हजार यायचे, इंतेकालनंतर बंद झाले. आता आम्हाला मिळतील का?" शाळेत येणारे पालक मुलांच्या अभ्यासापेक्षा जास्त वेळा आम्हाला हेच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहोत.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही केंद्राची योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात येतात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच ते मिळत. त्याच वर्षी ही अट निघाली. 2023 पासून महाराष्ट्र सरकार नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी 6,000 देते. त्याची यादी पीएम किसानवरूनच घेतली जाते, त्यामुळे तिथे नाव अडले की इथेही अडते.

पैसे शेत कसणाऱ्याला नव्हे, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतात. बटईने करणारा कितीही राबला तरी तो यात बसत नाही. मशीद-दर्ग्याच्या इनाम जमिनीचेही तसेच. मराठवाड्यात खिदमतमाश जमिनी पिढ्यानपिढ्या कसणारी घराणी आहेत, पण धारक म्हणून संस्थेचे नाव असेल तर संस्थेची जमीन योजनेतून वगळलेली आहे.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालील मुले. एका कुटुंबाला एकच लाभ. पण एकाच सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतील आणि तिघांचे संसार वेगळे असतील, तर तिघेही स्वतंत्र पात्र ठरतात. घरात कुणी आयकर भरत असेल, सरकारी नोकरीत असेल (चतुर्थ श्रेणी सोडून) किंवा दरमहा 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शन घेत असेल, तर संपूर्ण कुटुंब बाद. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर शेतकरी नवऱ्यालाही नाही. प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए यांनाही नाही. अपात्र असताना घेतलेले पैसे वसूल होतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून फॉर्म भरू नये.

1 फेब्रुवारी 2019 ही तारीखही लक्षात ठेवा. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हा लाभ मिळत नाही, वारसाहक्काने आलेल्या जमिनीला मात्र ही अडचण नाही. म्हणून वालिद वारले की पहिले काम वारस नोंदीचे. कायद्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे दिली की नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. आपल्याकडे मात्र "भावाभावांत वाटणी झाल्यावर बघू" म्हणत वर्षे जातात, आणि मरहूमांच्या नावाने हप्ता येत राहिला तर तो पुढे परत भरावा लागतो.

वारस लिहिताना अम्मी आणि बहिणींची नावे गाळण्याची सवय आहे, ती वाईट आहे. बेटीचा हिस्सा शरियतने ठरवून दिलेला आहे, तो तलाठ्याच्या टेबलावर मिटवायचा नसतो. आणि विधवा अम्मीच्या नावावर जमीन असेल तर तिलाही स्वतःचे 6,000 मिळू शकतात.

मग नावांचा घोळ. निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत होते. पुढे नावे मराठीत उतरली तेव्हा जशी ऐकली तशी लिहिली गेली. सातबाऱ्यावर "शेख इब्राहिम शेख उस्मान", आधारवर "इब्राहीम उस्मान शेख", पासबुकावर तिसरेच. वर इंग्रजी स्पेलिंग कुठे एस-एच-ए-आय-के-एच, कुठे एस-एच-ई-आय-के-एच. माणूस एक, कागदावर तिघे. सातबाऱ्यातली लेखनाची चूक महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. पण बऱ्याचदा आधार आणि बँकेतले नाव सातबाऱ्याशी जुळवून घेणे सोपे जाते. दोन्हीकडे धडपड करण्याआधी घरातल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर काय आहे तेही बघा, नाहीतर हाच घोळ त्यांच्या वाट्याला जाईल.

हप्ता अडला तर तीन गोष्टी तपासा: ई-केवायसी झाली का, बँक खाते आधारशी जोडले आहे का, जमिनीची माहिती पोर्टलवर जुळली आहे का. नवीन नोंदणीला आता शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. हेल्पलाइन 155261 आहे. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका, योजनेच्या नावाने फसवणारे फोन येतात.