इस्रायलमध्ये मानसिक उपचारांचा खर्च कोण देतं?

आपल्या लोकांना रक्तदाब, साखर, गुडघे यासाठी कुपात खोलीमचा कुठला कागद कुठे न्यायचा ते तोंडपाठ असतं. पण मुलाला झोप येत नाही, बाई चार महिने घराबाहेर पडत नाही, अशा वेळी आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर कुणीतरी सांगितलेल्या खाजगी थेरपिस्टकडे जाऊन खिशातून पैशे देतो. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, इथे येऊन निवृत्त होईपर्यंत वॉर्डात काम केलं, आणि तरी माझ्याच घरात हेच झालं. ते पुढे सांगते.

आधी मूळ गोष्ट. 1995 पासून इथे राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू आहे. प्रत्येक रहिवासी क्लालित, मकाबी, मेऊखेदेत किंवा लेउमित यांपैकी एका कुपाचा सभासद असतो. मानसिक उपचार मात्र तेव्हा कुपाकडे नव्हते, सरकारकडे होते. 1 जुलै 2015 ला ते कुपाकडे आले. म्हणजे आता मानसोपचार हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पुष्कळ वयस्कर मंडळी अजून 2015 च्या आधीच्या समजुतीवर चालतात, म्हणून तारीख मुद्दाम लिहिली.

कुपातून उपचार घ्यायचे दोन मुख्य रस्ते. पहिला, कुपाचं स्वतःचं मानसिक आरोग्याचं मिर्पाआ, किंवा कुपाचा करार असलेलं सरकारी अगर इस्पितळाचं मिर्पाआ. इथे भेटीचे पैशे लागत नाहीत. कुपाच्या बाहेरच्या मिर्पाआत जायचं तर तोफेस 17 लागेल का, ते आधी फोनवर विचारा, नाहीतर बिल घरी येतं. दुसरा, कुपाशी करार असलेला स्वतंत्र थेरपिस्ट. याला दर भेटीला आपला हिस्सा द्यावा लागतो. तो कुपाप्रमाणे बदलतो, पण बाहेरच्या फीपेक्षा बराच कमी असतो. शिवाय शाबान, म्हणजे पूरक विमा घेतला असेल तर त्यात काही परतावा आहे का ते तुमच्या योजनेच्या तक्त्यात बघा. क्लार्कच्या तोंडी शब्दावर राहू नका, लेखी मागा.

दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. पहिली, रांग. फुकटच्या मिर्पाआत कित्येक महिने थांबावं लागतं, आणि 7 ऑक्टोबर 2023 नंतर तर रांग आणखी वाढली. म्हणून नाव पहिल्या दिवशीच लावायचं, मग बाकी रस्ते शोधायचे. एकाच ठिकाणी नाही, दोन-तीन मिर्पाआत विचारा, शेजारच्या गावचंही चालतं. दिमोनात जागा नसेल तर बेर-शेवात असू शकते. "कुणी रद्द केलं तर मला बोलवा" असं सांगून ठेवा. वॉर्डात मी बघितलंय, जो फोन करत राहतो त्याला जागा मिळते. फारच उशीर होत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या *5400 वर विचारा. कुपाविरुद्धची तक्रार ऐकायला मंत्रालयात वेगळं खातं आहे.

दुसरी अडचण, निदान. कुपा पैशे देते ते ठराविक निदानांसाठी. नवराबायकोचं पटत नाही, एवढ्यावर कुपा उपचार देत नाही, त्या भांडणातून बाईला नैराश्य आलं असेल तर देते. आपल्याकडे "निदान" म्हटलं की लग्नाच्या स्थळाची भीती उभी राहते. तुमची फाईल शेजारीण बघू शकत नाही, वैद्यकीय गुपित कायद्याने राखलेलं असतं. मात्र खाजगी विमा किंवा मश्कांतासाठी जीवनविमा काढताना फॉर्ममध्ये उपचारांविषयी प्रश्न येतो. तिथे खरं लिहा. खोटं लिहिलं तर पुढे दावाच अडकतो.

आता घरची गोष्ट. माझ्या चुलत जावेचा मुलगा मिलुईमवरून परत आला आणि रात्री झोपेना. तिने ओळखीतून एक थेरपिस्ट शोधला, आठवड्याला 450 शेकेल. पेन्शनवर सात महिने चालवलं. मग एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, पैशे संपले म्हणून मी त्याला थांबवलं." तोवर मुलाने कामावर जाणंही सोडलं होतं. सात महिने मी दर शब्बाथला तिच्याकडे जेवत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की पैशे कुठून देतेस.

तिला हे माहीत नव्हतं: सैन्यातून किंवा मिलुईमवरून आलेल्यांसाठी लष्कराचं युद्ध-प्रतिक्रिया उपचारांचं वेगळं केंद्र आहे, सुटका झालेल्या सैनिकालाही ते फुकट उपचार देतं, त्यासाठी आधी अपंगत्वाची टक्केवारी लागत नाही. कायमच्या मान्यतेसाठी संरक्षण मंत्रालयाचा शिकूम विभाग, फोन *8944. मुलगा शेवटी तिथेच गेला. आधीचे पैशे काही परत आले नाहीत.

रॉकेट किंवा हल्ल्यात सापडलेल्या नागरिकांनी बितुआख लेउमीकडे, *6050 वर, जायचं. मान्यता मिळाली की उपचारांचा खर्च ते देतात. गाझाच्या आसपासच्या गावांत मेर्कझ खोसेन आहेत. नाताल ही संस्था 1998 पासून युद्ध आणि दहशतवादाच्या मानसिक आघातावर काम करते, तिची मदतवाहिनी 1-800-363-363. लहान मुलासाठी आधी शाळेच्या मानसशास्त्रीय सेवेला विचारा, तिथे फी नाही. आजार जुना असेल आणि बितुआख लेउमीने किमान 40 टक्के मानसिक अपंगत्व ठरवलं असेल, तर 2000 सालच्या कायद्याने साल शिकूम मिळतो: राहायची, कामाची, सोबतीची मदत.

खाजगीच जायचं ठरलं तर विद्यापीठांची आणि मानसोपचार शिकवणाऱ्या संस्थांची मिर्पाओत बघा. तिथे शिकाऊ लोक वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी फीत बसतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका, आम्ही सगळ्या तशाच शिकलो. आणि पैशे देण्याआधी नाव तपासा. "प्सिखोलोग" ही पदवी 1977 च्या कायद्याने राखीव आहे, मंत्रालयाच्या नोंदणीत नाव सापडलं पाहिजे. "प्सिखोथेरापिस्ट" असं मात्र कुणीही दारावर लिहू शकतो. त्याचं मूळ शिक्षण काय ते विचारायला लाजू नका.

भाषेचं दुखणं आहेच. मराठी बोलणारा थेरपिस्ट मिळणं कठीण. म्हाताऱ्या माणसाला हिब्रूत मन मोकळं करता येत नाही, म्हणून नाव लावतानाच इंग्रजी बोलणारा मागा. नातवंडाला दुभाषा म्हणून खोलीत बसवू नका, आजी त्याच्यासमोर खरं सांगणार नाही. भारतातून मेतापेलेत म्हणून आलेल्या मुलींना कुपा नसते, त्यांचा विमा मालकाने काढलेला खाजगी असतो. त्यांनी पॉलिसीची प्रत मागून मानसिक उपचारांचं कलम वाचावं.

कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर यातलं काहीच थांबून वाचायचं नाही. एरानला 1201 वर फोन करा, रात्री-अपरात्री, शब्बाथलाही. किंवा सरळ इस्पितळाच्या मानसोपचार तातडी विभागात घेऊन जा. पैशांचा कागद मागाहून करता येतो.