जुनी वीणा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्याची वेळ संपली की दुसरे विणेकरी पुढे येतात, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री दोन वाजता मंडपात चारच माणसे जागी असली तरी तार वाजत राहते. दिंडीतही तेच. पखवाज थांबतो, टाळकरी पाणी प्यायला बसतात, पण वीणा उभी असते आणि येणारा-जाणारा आधी तिच्या पायाशी वाकतो. विणेकऱ्याचा मान हा त्या माणसाचा नसून वीणेचा आहे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही.

ही वीणा येते कुठून? सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही जुन्या माळकऱ्याला विचारा, उत्तर एकच मिळेल: मिरजेहून.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास तलवारीपासून सुरू होतो. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे कारागीर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, संस्थाने इंग्रजांच्या छायेखाली गेली आणि तलवार हळूहळू म्यानात, मग भिंतीवर गेली. धार लावून घ्यायला कोण येणार? मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तिथे गवयांची ये-जा असे आणि गवई आला की त्याच्याबरोबर त्याचा तंबोराही येई. प्रवासात भोपळा तडकणे, खुंटी सैल होणे हे रोजचेच. ही मोडलेली वाद्ये शिकलगारांच्या हाती दुरुस्तीसाठी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी दुरुस्ती करता करता वाद्याचे अंतरंग जाणून घेतले आणि पुढे नवी वाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांचे नावच पुढे ‘सतारमेकर’ झाले. म्हणजे हा सगळा व्यवसाय जन्मला तो मोडके सांधण्यातून. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा डोळ्यांना सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाएवढा उतार द्यावा लागतो. तो साधला तर तार नुसती वाजत नाही, गुंजते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो नाद नेमका जागेवर आणतात. याला जवारी म्हणतात. पात्याची धार पाहणारी नजर आणि जवारी काढणारा हात यांत मला फार अंतर दिसत नाही. एकाच घराण्याने दोन्ही केले याचे म्हणूनच नवल वाटत नाही.

आता भोपळा. वीणेचा भोपळा खायचा नव्हे, कडू. तो पिकतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. वेलावरच जून होऊ देऊन, वाळवून तो मिरजेला आणतात, तोंड कापून आतला गर काढतात. त्याला लाकडाची दांडी आणि तबली बसते, लाखेची झिलई चढते. कडू भोपळा तीर्थात बुडवून आणला तरी कडूच राहिला, ही गोष्ट आपण कीर्तनात किती वेळा ऐकली आहे! पण त्याच जातीचा भोपळा पंढरीच्या शिवारातून मिरजेला जातो आणि वीणा होऊन विणेकऱ्याच्या गळ्यातून पुन्हा पंढरीला येतो. माऊलींच्या पालखीबरोबर तो नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण पाहतो आणि फलटण मागे टाकून भीमेकडे वळतो. ही त्याची घरची वाट. आणि तो घडवणारे हात बहुतेक मुसलमान कारागिरांचे. शेख महंमदांना संत मानणाऱ्या संप्रदायाला यात वेगळे काही वाटले नाही, हे बरेच झाले.

मिरजेचे नाव पुढे संगीतात फार मोठे झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते इथेच. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सगळे अभिमानाचे. पण भजनी वीणेचा उल्लेख या गौरवात क्वचितच येतो, कारण तिला मैफल नाही.

तिला आता गिऱ्हाईक मात्र आहे. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना जुने तंबोरे, समया, घंटा हवे असतात. वीणाही त्यात आली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, चकचकीत नवी वीणा येते आणि जुनी माळ्यावर जाते. तिथून ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोहोचायला वेळ लागत नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखित पोथी यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा संरक्षण देतो. खासगी माणसाला त्या परदेशी धाडता येत नाहीत. जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंताचे काम असेल तर वन्यजीव कायदा आडवा येतो, कारण हस्तिदंताचा व्यापारच आता बंद आहे. हे मंदिराच्या पंचांना ठाऊक असावे. पण देवळातून वीणा जाते ती बहुधा कायदा मोडून नव्हे, तर कुणी विचारलेच नाही म्हणून.

वस्तू जपून ठेवण्याला माझा विरोध नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली संग्रहालय उभे केले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकारही होते. त्यांनी जमवले ते चार लोकांनी पाहावे म्हणून. ज्याची वेळ खरोखर सरली त्याला अशी जागा मिळणे भाग्याचेच.

प्रश्न आहे तो वेळ न सरलेल्या वस्तूचा. जुन्या वीणेचा भोपळा तडकला तर तो बदलता येतो. दांडी तीच राहते, खुंट्या घासून बसवता येतात, घोडीला नवी जवारी काढता येते. संग्राहक म्हणेल, भोपळा बदललात तर अस्सलपणा गेला, किंमत पडली. त्याच्या व्यवहारात ते खरेही आहे, कारण तो वीणेकडे डोळ्यांनी पाहतो. देवळाच्या हिशेबात मात्र भोपळा बदललेली वीणा तीच असते. पणजोबांनी पहारा दिला ती हीच, असे नातू सांगतो आणि ते खोटे नसते. सप्ताहात सात दिवसांत गळे किती बदलतात! म्हणून कुणी वीणा खंडली असे म्हणत नाही.

तेव्हा पंचांनी जुनी वीणा माळ्यावरून उतरवावी, धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, ओला हात लावू नये, तारा सैल करून ती कापडात गुंडाळावी आणि मिरजेला न्यावी. काम बारीक आहे, वेळ लागतो, आणि सप्ताह तोंडावर आला की कारागिराकडे गर्दी असते. दिवाळीनंतर लगेच गेलेले बरे.