ड्रोनला विषमता दिसत नाही

५ मार्च १९६६ रोजी भारतीय वायुदलाने मिझो बंडखोरांविरुद्ध ऐझॉलवर हल्ला केला. घरे मात्र सामान्यांची जळाली. एप्रिल २०२१ मध्ये बस्तरमधील आदिवासींनी ड्रोनमधून बॉम्ब पडल्याचा आरोप केला, पोलिसांनी तो नाकारला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला गडचिरोलीच्या मर्दिनटोला जंगलातील चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. तो आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचा, दलित. कोळसा खाणीतला हा माणूस बंदुकीकडे का वळला, हे आकाशातल्या कॅमेऱ्याला कळत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले. त्याच भाषणात विषमता लवकर संपली नाही, तर तिचे बळी लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असेही बजावले. पहिला इशारा आपण पाळतो. दुसरा सत्तेला कोण ऐकवणार? ते काम आपले आहे.

जय भीम!