जबड्यातली सिस्ट काढल्यावरही परत का येते? आणि तिथे रसायन का लावतात?

अक्कलदाढ दुखते म्हणून ओपीजी काढला आणि डॉक्टरांनी एक्स-रेवर काळा डाग दाखवला. ‘जबड्यात सिस्ट आहे, काढावी लागेल.’ इथपर्यंत ठीक. पण ‘काढली तरी परत येऊ शकते’ हे ऐकलं की झोप उडते.

मुळात प्रत्येक सिस्ट परत येत नाही. किडलेल्या दाताच्या मुळाशी होणारी नेहमीची सिस्ट नीट काढली की बहुतेकदा विषय संपतो. त्रास देते ती ‘ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट’. एक्स-रेवर दोन्ही सारख्या दिसू शकतात, म्हणून बायोप्सी महत्त्वाची.

एवढी चिवट का?

हिचं अस्तर जेमतेम सहा ते दहा पेशींच्या थरांचं असतं. काढताना ते फाटतं आणि एखादा तुकडा हाडातच राहतो. शिवाय भोवती छोट्या ‘उपसिस्ट’ असू शकतात. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात ती जास्त आढळते आणि हाडाच्या आतून लांबीला पसरते. त्यामुळे गाल लवकर सुजत नाही आणि कळायला उशीर होतो. तिच्या वागण्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टच्या यादीत टाकलं. जुन्या-नव्या रिपोर्टमध्ये नावं वेगळी दिसली तर घाबरू नका, आजार तोच आहे.

कार्नॉय सोल्युशन म्हणजे काय?

जाँ-बाप्टिस्ट कार्नॉय हे एकोणिसाव्या शतकातले बेल्जियन जीवशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्याआधी त्या आहेत तशा टिकवण्यासाठी त्यांचं द्रावण वापरलं जायचं. ६० टक्के अल्कोहोल, ३० टक्के क्लोरोफॉर्म, १० टक्के ॲसेटिक ॲसिड आणि त्यात फेरिक क्लोराइड. सर्जन आधी सिस्ट खरवडून काढतात, मग या द्रावणात भिजवलेलं गॉज पोकळीत साधारण तीन मिनिटं ठेवतात आणि नंतर सलाइनने धुतात. हाडाच्या वरच्या पातळ थरात लपलेल्या पेशी मराव्यात, हा हेतू.

मग तीनच मिनिटं का? कारण खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस याच हाडातून जाते. द्रावण जास्त वेळ राहिलं तर ओठ बधिर होण्याचा धोका वाढतो. क्लोरोफॉर्मचाही प्रश्न आहेच. कॅन्सरच्या शंकेमुळे अमेरिकेने १९७६ मध्ये औषधांत त्याच्या वापरावर बंदी घातली. आता बरेच सर्जन क्लोरोफॉर्म नसलेलं द्रावण वापरतात. ते तितकंच परिणामकारक आहे का, यावर मात्र एकमत नाही.

अलीकडचा पर्याय म्हणजे फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे कॅन्सरवरचं औषध. त्याचं ५ टक्क्यांचं मलम लावलेली गॉजची पट्टी पोकळीत ठेवून साधारण २४ तासांनी काढतात. सुरुवातीचे निकाल चांगले आहेत.

आणखी कोणते मार्ग?

भोवतालचं थोडं हाड ड्रिलने घासणं हा एक. सिस्ट खूप मोठी असेल तर आधी तिला भोक पाडून नळी बसवतात. काही महिने रुग्णाने घरीच ती रोज धुवायची. सिस्ट आक्रसते, अस्तर जाड होतं आणि मग ती काढणं सोपं जातं. कंटाळवाणं आहे, पण नस आणि दात वाचतात. जबड्याचा तो भागच कापला तर पुनरावृत्ती जवळपास थांबते, पण चेहऱ्यासाठी किंमत मोठी. म्हणून हा शेवटचा पर्याय.

नुसती खरवडून काढलेली सिस्ट किती वेळा परत येते? वेगवेगळ्या अभ्यासांत अगदी नगण्यपासून ६० टक्क्यांपर्यंत आकडे आहेत. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याला उपचारांची थेट तुलना करणारी एकही योग्य चाचणी सापडली नव्हती. त्यामुळे ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्या रीलवर विश्वास ठेवू नका.

पुनरावृत्ती बहुधा पहिल्या पाच वर्षांत होते, पण दहा वर्षांनंतरही झालेली आहे. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवायचा. कमी वयात एकापेक्षा जास्त केराटोसिस्ट आढळल्या तर गॉर्लिन सिंड्रोमची तपासणी करायला हवी. हा आनुवंशिक आजार आहे, त्यात त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो आणि मुलांमध्ये तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.