टेबल, फासे आणि चार तासांची गोष्ट: लाखो लोक बघतात ते 'अ‍ॅक्चुअल प्ले' शो काय असतात? ते बघून खेळायला शिकता येतं का?

एका टेबलाभोवती सात-आठ जण बसलेत. समोर कागद, पेन्सिली आणि रंगीबेरंगी फासे. एक जण सांगतो, "समोर बंद दार आहे. आतून कुणीतरी कण्हतंय. काय करणार?" बाकीचे विचार करतात, वाद घालतात, मग कुणीतरी फासा टाकतं. २० आकडा येतो आणि सगळे खुर्चीवरून उठून ओरडतात.

रील्स बघताना अशी क्लिप तुमच्याही समोर आली असेल. कुणी खेळतंय आणि आपण बघतोय, एवढ्यात काय मजा, असंही वाटलं असेल. पण या शोंमुळेच हजारो लोक हा खेळ खेळायला लागले. आणि याच शोंमुळे काहींनी तो सुरू करताच सोडूनही दिला. असं का, ते समजून घेऊ.

हा खेळ नेमका काय आहे?

याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डीअँडडी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली मुलं तळघरात बसून खेळतात, तोच हा खेळ.

प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र 'डंजन मास्टर' असतो. जग, राक्षस, गावकरी, दुकानदार, सगळं तोच सांभाळतो. काय करायचं हे खेळाडू ठरवतात, ते जमलं की नाही हे फासा ठरवतो.

समजा, तुमचं पात्र किल्ल्याची भिंत चढतंय. मास्टर ठरवतो, किमान १५ हवेत. तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकता, ११ येतात. पात्र ताकदवान आहे म्हणून त्यात ३ मिळवायचे. झाले १४. एकाने हुकलं! आता पुढे काय, ही गोष्ट इथून सुरू होते.

खेळ बघण्याची सुरुवात कुठून झाली?

व्हिडिओच्या आधी हे चक्क वाचलं जायचं. जपानमध्ये १९८६ मध्ये 'कॉम्पटीक' मासिकात डीअँडडीच्या एका खेळातले संवाद छापले जाऊ लागले. अशा लेखनाला तिथे 'रिप्ले' म्हणतात. त्यातूनच पुढे 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' या कादंबऱ्या आणि अ‍ॅनिमे आले.

अमेरिकेत २००८ मध्ये 'अ‍ॅक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' हा पॉडकास्ट आला आणि २०१४ मध्ये 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'. मार्च २०१५ मध्ये 'क्रिटिकल रोल' लाइव्ह सुरू झाला आणि चित्रच बदललं. मॅथ्यू मर्सर आणि त्याचे मित्र आधी घरीच खेळत होते, तोच खेळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर आणला. २०१९ मध्ये त्यांनी अ‍ॅनिमेशनपटासाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी १३ लाखांहून जास्त! त्यातूनच प्राइम व्हिडिओवरची 'द लेजंड ऑफ वॉक्स मशिना' ही मालिका झाली.

२०१८ मध्ये ब्रेनन ली मलिगनचा 'डायमेन्शन २०' आला. जानेवारी २०२५ मध्ये या टीमने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रेक्षकांसमोर डीअँडडी खेळून दाखवलं.

हे बघून काय शिकता येतं?

नियम पुस्तकातूनही कळतात. पण टेबलावर कसं वागायचं, हे बघूनच जास्त पटकन कळतं.

१. अपयशाने गोष्ट थांबत नाही. वरच्या उदाहरणात भिंत चढणं एकाने हुकलं. चांगला मास्टर "नाही जमलं" एवढंच म्हणून गप्प बसत नाही. तो म्हणेल, "वर पोहोचलास, पण दोरी निसटून खाली पडली आणि पहारेकऱ्याने आवाज ऐकला." आता नवी अडचण, नवी मजा.

२. दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारा. चांगले खेळाडू फक्त आपली पाळी यायची वाट बघत नाहीत. शेकोटीजवळ बसल्यावर एक पात्र दुसऱ्याला विचारतं, "तू घर का सोडलंस?" गप्प बसलेल्या खेळाडूला बोलतं करायला एवढं पुरतं.

३. शेवटचा घाव खेळाडूला द्या. मोठा शत्रू पडतो तेव्हा मर्सर स्वतः वर्णन करत नाही. ज्याने मारलं त्यालाच विचारतो, हे कसं करायचंय? साधी सवय आहे, पण त्या क्षणी गोष्ट खेळाडूची होते.

४. नियम आठवला नाही तर अडून बसू नका. इतकी वर्षं खेळणारेही नियम विसरतात. मास्टर त्या वेळेपुरता निर्णय देतो, खेळ पुढे जातो. पुस्तक नंतर उघडता येतं.

मग गडबड कुठे होते?

या शोमुळे नव्या खेळाडूंच्या अपेक्षा इतक्या वाढतात की त्याला 'मॅट मर्सर इफेक्ट' असं नावच पडलंय. घरच्या मास्टरला प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढता येत नाही, खेळाडूंना रडू येणारे प्रसंग सुचत नाहीत. मग मास्टरला वाटतं आपण कमी पडतोय, खेळाडूंना वाटतं आपला खेळ बोअर आहे. अशाने दोन-तीन बैठकांत ग्रुप मोडू शकतो.

पण तुलना कुणाशी होतेय ते बघा. 'क्रिटिकल रोल'चे कलाकार व्यावसायिक व्हॉइस आर्टिस्ट आहेत. त्यातली अ‍ॅशली जॉन्सन म्हणजे 'द लास्ट ऑफ अस' गेममधल्या एलीचा आवाज. 'डायमेन्शन २०'मध्ये मुरलेले विनोदी कलाकार असतात, सेट असतो आणि वर एडिटिंगही होतं. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटची आयपीएलशी तुलना करून आपण बॅट फेकून देत नाही. इथेही तसंच.

आणखी एक गोष्ट स्क्रीनवर सहसा दिसत नाही. ती म्हणजे 'सेशन झीरो'. खेळ सुरू होण्याआधी सगळे बसून ठरवतात, गोष्ट विनोदी हवी की गंभीर, कोणते विषय नकोत. काही ग्रुप टेबलावर 'एक्स' लिहिलेलं कार्ड ठेवतात. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. बघून शिकणाऱ्यांकडून नेमकी हीच पायरी सुटते.

सुरुवात कुठून कराल?

'क्रिटिकल रोल'च्या दुसऱ्या पर्वाचे १४१ भाग आहेत आणि एकेक भाग साधारण तीन-चार तासांचा. म्हणजे चारशेहून जास्त तास! तिथून सुरुवात करू नका. त्यांचीच 'एक्झांड्रिया अनलिमिटेड: कॅलॅमिटी' ही मालिका फक्त चार भागांची आहे. हलकंफुलकं हवं असेल तर 'डायमेन्शन २०'चं पहिलं पर्व 'फँटसी हाय' बघा, भाग १७.

शिकायचंच असेल तर 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'चे सुरुवातीचे भाग ऐका. तीन भाऊ आणि त्यांचे वडील बाजारात मिळणारा स्टार्टर सेट घेऊन बसलेत, नियम चुकतायत, एकमेकांची टर उडवतायत. तुमची पहिली बैठक बहुधा अशीच असेल.

बघताना एक करून बघा. मास्टरने "काय करणार?" विचारलं की व्हिडिओ थांबवा आणि स्वतः उत्तर द्या. फासा पडला की पुन्हा थांबवा, आपण मास्टर असतो तर काय झालं म्हणून सांगितलं असतं, ते ठरवा. मग पुढे बघा.

असे चार-पाच भाग झाले की बघणं पुरे. डीअँडडीचे मूलभूत नियम ऑनलाइन मोफत आहेत, फाशांसाठी मोबाइल अ‍ॅपही चालतं. चार मित्र जमवा, मराठीतच खेळा. आवाज बदलता आले नाहीत तरी हरकत नाही. पुढच्या वेळी कधी बसायचं, हे मित्रांनीच विचारलं, की खेळ जमला म्हणायचा.